पशुवैद्यांना विचारा : ओट्यावरची मांजरी आणि कवेलूवरचे उदमांजर

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे योगायोगाने एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रांचा मजकूर थोडा आटोपता केला आहे.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे सहा महिने अमेरिकेत, टेक्सास राज्यातील डॅलस शहराजवळ राहून आलो. तिच्या घरामागच्या लाकडी ओट्यावर मांजराचे खाणे ठेवलेले असे. रात्री राखाडी अंगाचा, पांढऱ्या तोंडाचा, लांब नाकाचा आणि उंदरासारखी उघडी शेपटी असलेला एक प्राणी येऊन त्याच ताटलीतले खात असे आणि मांजर चार हातांवर बसून नुसते पाहत राही. एकदा शेजारचा कुत्रा धावून गेला, तेव्हा तो प्राणी जीभ बाहेर टाकून पडला आणि भयंकर दुर्गंधी सुटली. मेला असे समजून, सकाळी पुरून टाकू म्हणून मी त्याच्यावर टोपले झाकले. सकाळी टोपले उलटलेले आणि प्राणी नाहीसा! आता गावी परतल्यावर आमच्या कवेलूवरून रात्री तेवढ्याच आकाराचे काळपट जनावर फिरताना दिसते आणि आमची मांजरी त्याच्याकडेही तशीच पाहत बसते. हा तोच प्राणी आहे काय? आणि मांजर त्याच्याशी भांडत कसे नाही?
— एक निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपण टोपले झाकले, फावडे उचलले नाही, हे त्या प्राण्याचे नशीब म्हणायचे. त्याचे नाव ओपॉसम. तो शिशुधान प्राणी आहे, म्हणजे कांगारूप्रमाणे पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा. मेक्सिकोच्या उत्तरेला, म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत, अशा प्रकारचा हा एकच प्राणी आढळतो. जेमतेम १२–१३ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर मधमाशीएवढी पिल्ले जन्मतात, सरपटत पिशवीत शिरतात, दोन महिन्यांहून अधिक काळ तेथे राहतात आणि पुढे आईच्या पाठीवर बसून हिंडतात. आपल्या देशात हा प्राणी नाही. आपल्या कवेलूवरचे जनावर वेगळे आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

मेल्याचे जे सोंग आपण पाहिले, ते खरे तर सोंगच नव्हे. सोंग ठरवून घेतले जाते. ओपॉसमाला मात्र अतिशय भीती वाटली की त्याच्या इच्छेवाचून शरीर लुळे पडते, तोंडातून लाळ गळते आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतून दुर्गंधीयुक्त स्राव बाहेर येतो. ही अवस्था काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकू शकते. कुत्र्यासारख्या प्राण्याचा सडक्या वासाच्या निश्चल देहातील रस बहुधा संपतो, आणि आजूबाजूला सामसूम झाली की ओपॉसम कान हलवून अंदाज घेते व उठून चालू लागते. आपली मुलगी तेथेच राहत असल्याने तिला एवढे सांगावे की असा प्राणी पडलेला दिसला तर कुत्र्याला घरात घ्यावे आणि त्या प्राण्याला हात न लावता तेथेच राहू द्यावे.

आता मांजराविषयी. मांजर शिकारी आहे, परंतु त्याची शिकार उंदीर, पाल, चिमणी एवढ्या आकाराची असते. प्रौढ ओपॉसमाचे वजन दोन ते सहा किलो, म्हणजे मांजराएवढे किंवा त्याहून जास्त, आणि तोंडात पन्नास दात. ते तोंड उघडून फिस्कारले की मांजराला हिशेब लगेच कळतो. दुसरीकडे ओपॉसम हे संथ, मिळेल ते खाणारे जनावर आहे. पडलेली फळे, किडे, उंदीर, मेलेली जनावरे, कचऱ्यातले उष्टे असे सारे त्याला चालते, त्यामुळे धडधाकट मांजराच्या मागे लागण्याचे त्याला कारणच नसते. रात्री हिंडणाऱ्या अशा दोन सारख्या आकाराच्या प्राण्यांना जखम परवडत नाही. आपण ज्याला मैत्री समजलात ती बहुतेक वेळा एकमेकांना दिलेली सवड असते. अपवाद लहान पिल्लांचा. आई जवळ नसलेली, डोळे न उघडलेली मांजराची पिल्ले ओपॉसमाच्या तावडीत सापडली तर ते सोडेलच असे नाही.

त्या ताटलीतून प्रत्यक्ष धोका पोचतो तो दातांचा नव्हे, पिसवांचा. मांजराच्या अंगावरची पिसू ओपॉसमाच्या अंगावरही सुखाने नांदते, आणि टेक्सास व दक्षिण कॅलिफोर्निया या भागांत पिसवांमार्फत माणसाला होणारा टायफस ताप आजही आढळतो. मुलीच्या घरी तान्हे बाळ आहे. मांजराला पिसवांचे औषध नियमित द्यावे आणि खाण्याची ताटली संध्याकाळी आत घ्यावी.

रेबीज मात्र ओपॉसमात क्वचितच आढळतो. त्याच्या शरीराचे तापमान मांजरापेक्षा तीन-चार अंश सेल्सिअसने कमी असते, आणि त्यामुळे विषाणूची वाढ नीट होत नसावी असे मानले जाते. हा मुद्दा मी मुद्दाम मांडला, कारण आपल्या कवेलूवरच्या पाहुण्याला ही सवलत लागू नाही.

तो पाहुणा, आपल्या वर्णनावरून, उदमांजर असावे. कांडेचोर हे त्याचे दुसरे नाव. आपल्या भागात पुष्कळ लोक त्याला मसण्या ऊद म्हणतात. काळपट करडे अंग, पाठीवर पुसट पट्टे, डोळ्यांभोवती काळा मुखवटा आणि त्यावर फिकट डाग, अंगाएवढी लांब व वलये नसलेली शेपटी. वजन दोन ते पाच किलो. नावात मांजर असले तरी ते मांजर नाही. मात्र मांसभक्षक प्राण्यांच्या ज्या शाखेत मांजर, तरस आणि मुंगूस येतात, त्याच शाखेतले ते आहे. म्हणजे आपल्या मांजरीचे ते दूरचे का होईना नातलग ठरते. ओपॉसमाशी तेवढेही नाते नाही.

साकोलीकडे नोकरीत असताना एका घरी गाईच्या वेतासाठी रात्रभर थांबावे लागले होते, तेव्हा या दोन नातलगांची भेट मी सपरीतून पाहिली. अंगणात दूध-भाताची थाळी होती आणि घरची भुरी मांजरी तीत तोंड घालून होती. मुंग्याच्या (शेवग्याच्या) झाडावरून, डोके खाली करून, एक उदमांजर उतरले आणि बुंध्याशीच थबकले. मांजरीने मान वर केली. तिचे कान आडवे झाले, शेपटीचे फक्त टोक हलू लागले आणि गळ्यातून बारीक गुरगुर सुरू झाली. उदमांजराने पुढचा एक पाय उचलून तसाच अधांतरी धरला, नाक लांब करून हवा हुंगली आणि थाळीला लांबचा वळसा घालून ते पिकून पडलेल्या पपईकडे गेले. त्यानंतरची सुमारे दहा मिनिटे दोघे परस्परांकडे पाठ न करता, तिरपे बसून आपापले खात होते. मांजरी उठून ओट्यावर गेल्यावर उदमांजर थाळीपाशी आले आणि उरलेला भात त्याने चाटून साफ केला. सकाळी घरच्या आजीने थाळी पाहून मांजरीचे कौतुक केले, आणि मीही ते खोडून काढले नाही.

आपल्या घरीही हेच चालू असणार. उदमांजर मुख्यतः फळांवर जगते. आंबा, जांभूळ, बोर, सीताफळ, पपई, शिंदीची फळे त्याला आवडतात, आणि जोडीला उंदीर, किडे, पक्ष्यांची अंडी. माळ्यावरचे उंदीर तेही खाते, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने जमेची बाजू. त्याला हाकलण्याची गरज नाही. फक्त रात्री अंगणात थाळी ठेवू नये. मांजराला संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी घरात खाऊ घालावे आणि उरलेले उचलून ठेवावे. (दूध-भात हे मांजराचे पूर्ण अन्न नव्हे, पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, पण तो विषय मागे एकदा झाला आहे.) रेबीज, तसेच मांजरांना होणारा पार्व्हो गटातील जीवघेणा हगवणीचा आजार, या दोन्हींच्या लसी मांजरीला टोचून घ्याव्यात. हे दोन्ही रोग उदमांजरालाही होऊ शकतात, आणि सामाईक थाळी किंवा विष्ठा यांतून दुसरा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास वाट मिळते. रेबीज सस्तन प्राण्यांपैकी कोणालाही होऊ शकतो. म्हणून एखादे उदमांजर भरदिवसा, माणसाला न बिचकता, झोकांड्या खात अंगणात फिरताना दिसले तर मुलांना आणि मांजराला घरात घेऊन वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : आमच्या कोंबड्यांची सात पिल्ले दोन आठवड्यांत गेली. घरातील सर्वांचा संशय बोक्यावर आहे आणि त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडावे असे ठरत आहे. मला मात्र रात्री कोठ्याच्या छपरावर उदमांजर दिसते. खरा चोर कसा ओळखावा?
— एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : प्रथम वेळ पाहावी. पिल्ले दिवसा, कोंबडी अंगणात चरत असताना एकेक करून जात असतील तर संशय मुंगूस, घार, कावळा आणि आपला बोका या चौघांवर जातो. उदमांजर त्यात येत नाही, कारण दिवसा ते झाडाच्या ढोलीत किंवा माळ्यावर झोपलेले असते. मुंगूस याउलट दिवसाचा प्राणी आहे, रात्रीच्या चोरीत त्याला गोवू नये. पिल्ले रात्री बंद खुराड्यातून जात असतील तर मात्र उदमांजर, जवादी मांजर किंवा रानमांजर यांचा विचार करावा लागतो. अंगणातून पूर्ण वाढलेली कोंबडीच उचलून नेली आणि मागे केवळ पिसांची रांग शेताकडे गेलेली दिसली, तर रानमांजर किंवा कोल्हा असण्याचा संभव अधिक.

दुसरी खूण विष्ठेची. घरचे मांजर सहसा मातीत खड्डा करून विष्ठा झाकते. उदमांजर भिंतीच्या माथ्यावर, छपरावर, दगडावर, अशा उघड्या जागी आणि पुष्कळदा रोज त्याच ठिकाणी विष्ठा टाकते, आणि तिच्यात फळांच्या अख्ख्या बिया दिसतात. जांभळाच्या दिवसांत तर ती बियांची नुसती मोळीच असते. कोठ्याच्या छपरावर चढून एकदा पाहावे. तेथे बिया सापडल्या तर उदमांजराचा वावर सिद्ध होतो. पिल्ले त्यानेच नेली हे अर्थात त्यावरून सिद्ध होत नाही, आणि घरातील मंडळी हाच युक्तिवाद करतील, त्याची तयारी ठेवावी.

माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर दोन आठवड्यांत सात पिल्ले, तीही थोडी थोडी करून, हे काम एकट्याचे नसावे. पण चोर कोणीही असो, उपाय एकच आहे. सूर्यास्तापूर्वी कोंबडी पिल्लांसह खुराड्यात जावी. खुराड्याला कोंबडीजाळी न लावता एक इंचाहून लहान चौकोनांची जाड, जोडकाम केलेली लोखंडी जाळी लावावी, कारण पातळ षट्कोनी जाळी दातांनी व पंजांनी ताणली जाते. उदमांजराचे डोके ज्या फटीतून जाते, त्यातून बहुधा त्याचे अंगही जाते. दाराला दोरी न बांधता कडी लावावी आणि छताची बाजू विसरू नये, कारण हा चोर वरून येतो. दिवसा पहिले चार आठवडे पिल्ले डालग्याखाली ठेवावीत.

बोक्याला पोत्यात घालून सोडण्याविषयी स्पष्ट लिहितो. असे सोडलेले मांजर परत येते किंवा अनोळखी जागी उपाशी मरते. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हाही आहे. शिवाय बोका गेल्यावर धान्यातील उंदीर वाढतील ते वेगळेच. उदमांजरालाही फासा किंवा विष लावू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने त्याला संरक्षण आहे, आणि उदमांजरासाठी ठेवलेले विष सर्वांत आधी घरचेच मांजर खाते, हे मी टेबलावर आणलेल्या मांजरांवरून सांगू शकतो.

प्रश्न : आमच्या मांजरीला झालेल्या तीन पिल्लांच्या पाठीवर काळे पट्टे आहेत. आजी म्हणते की ती मसण्या ऊदाची आहेत आणि घरात ठेवू नयेत. असे होऊ शकते का?
— इयत्ता ९ वीतील विद्यार्थिनी, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : नाही. मांजर आणि उदमांजर यांचा संकर होत नाही. ती दोन वेगळी कुळे आहेत. पट्टे हा तर मांजराचा अगदी जुना रंग आहे, आणि गावातल्या एखाद्या पट्टेरी बोक्याकडे नीट पाहिले तर पिल्लांचा बाप सापडेल. घरच्या मांजराचा संकर रानमांजराशी मात्र होऊ शकतो, कारण ती दोन्ही एकाच कुळातील आहेत.

मसण्या ऊद हे नाव स्मशानातील प्रेते उकरणाऱ्या जनावराच्या समजुतीतून आले आहे. ते एकाच प्राण्याला लावले जात नाही. काही गावांत चांदी अस्वल या खणणाऱ्या प्राण्यालाही तेच म्हणतात. फळे खाणाऱ्या, झाडावर राहणाऱ्या उदमांजराला ते नाव उगाच चिकटले. आजींना हे आपण समजावून सांगावे, परंतु आधी त्यांच्या मांडीवर एक पिल्लू द्यावे आणि मग सांगावे.

प्रश्न : आमच्या माळ्यावर उदमांजराची पिल्ले आहेत. परवा रात्री आमची मांजरी वर गेली आणि मोठी झटापट झाली. मी शिडीवरून हात घालून मांजरीला ओढले, तेव्हा माझ्या मनगटावर ओरखडे आले व थोडे रक्त निघाले. ओरखडे कोणाचे ते अंधारात कळले नाही. मी हळद भरली आहे. आता काय करावे? आणि ते उदमांजर माळ्यावरून कसे काढावे?
— एक गृहिणी, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : या ताईंना अंक निघण्याची वाट न पाहता फोनवरून उत्तर दिले होते आणि त्यांनी त्याच दिवशी लस सुरू केली. इतरांसाठी येथे देतो.

मी पहिल्या उत्तरात लिहिले की ही दोन जनावरे एकमेकांना टाळतात. पिल्लांपाशी ते लागू नाही. पिल्ले असलेली मादी, मग ती उदमांजराची असो की मांजराची, मागे सरत नाही, आणि माळ्यासारख्या अडचणीच्या जागी पळायलाही वाट नसते. अशा झटापटीत उघडा हात घालणे ही सर्वांत मोठी चूक. पाण्याची बादली ओतावी, पत्र्याचा डबा वाजवावा, फार तर सूप मध्ये धरावे, पण हात घालू नये.

जखम झाल्यास ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये आणि पट्टीने घट्ट बांधू नये. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. तेथे त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. रक्त निघाले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, म्हणून रक्त निघाले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घरच्या मांजराने किंवा कुत्र्याने चावा घेतला तर लस सुरू करून त्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते. रानटी प्राण्याच्या बाबतीत ही सोय नाही; आणि ओरखडे कोणाचे हेच माहीत नसेल तर ते उदमांजराचे होते असे धरूनच चालावे. तीन दिवस उलटले, आता काय उपयोग, असे म्हणून बसू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपचार उरत नाही, त्याआधी मात्र उशिराची लसही कामाची आहे.

मांजरीचेही अंग चाचपून पाहावे. चाव्याची खूण केसांखाली टोचणीएवढी असते, वरून बुजते आणि चार-पाच दिवसांनी आत पू धरून गाठ येते. मांजरी खात नसेल, अंग तापले असेल, एखादा पाय टेकत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे आणि पूर्वी रेबीजची लस झाली नसल्यास तेही तेथे सांगावे. तिला हाताळताना जाड गोणपाट वापरावे.

राहिला प्रश्न माळ्याचा. पिल्ले असताना बीळ किंवा फट बुजवू नये. आई बाहेर अडकते, पिल्ले आत मरतात, आणि मग दुर्गंधीपायी सारे कवेलू उतरवावे लागतात. साधारण दोन-तीन महिन्यांत पिल्ले आईबरोबर हिंडू लागतात. तोवर मांजरीला रात्री खालच्या खोलीत कोंडावे आणि माळ्याची शिडी काढून ठेवावी. पिल्ले बाहेर पडू लागली असे वाटले की फटीच्या तोंडाशी चुलीतली चाळलेली राख पातळ पसरावी आणि सकाळी ठसे पाहावेत. उदमांजराच्या ठशात पाच बोटे उमटतात, मांजराच्या ठशात चार, त्यामुळे आपलीच मांजरी तेथे घुटमळली असेल तर फसगत होत नाही. बाहेर जाणारे ठसे आहेत आणि परत येणारे नाहीत, असे लागोपाठ तीन रात्री दिसले, माळ्यावर खुसफूसही ऐकू आली नाही, तर चौथ्या दिवशी उजेडात वर चढून, कोपरे विजेरीने तपासून, मगच फुटके कवेलू बदलावे आणि फटीवर जाळी ठोकावी.